बिनरेघेची पाटी

हसायचं तर आताच हसून घ्या, कारण मध्ये अडवलेलं मला चालत नाही. माणूस स्वतःची फजिती स्वतःच्याच ब्रशनं रंगवतो, तीही चांगली आठ फुटी! खरं नाही वाटत? ऐका तर.

ऐंशी सालानंतरचा कुठलासा हिवाळा. मी वडशाला, आमच्या नाटकवेड्या झाडीपट्टीत, पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचो, नाटकांचे बोर्ड रंगवायचो. पण डोक्यात खूळ शिरलं, की छापखान्यातल्या अक्षरांची नक्कल बंद! आता आपलं स्वतःचं अक्षर! चार महिने चौकटीच्या वहीत 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत घोटलं. डोक्यावरची रेघ उडवली. कोपरे घासून सगळं गोल गोल केलं. मला वाटलं, झाडीपट्टीला तिचं हक्काचं अक्षर मिळालं!

आमच्याकडचे नाटक कंपनीचे मालक शामरावभाऊ. त्यांनी 'वैनगंगेची सून' या नव्या नाटकाचा बोर्ड माझ्याकडे दिला. हंगामातला पहिलाच प्रयोग, सगळी भिस्त त्यावर. मी माझं नवं अक्षर लावलं, बोर्ड स्टेशनसमोर उभा केला आणि शेजारच्या टपरीवर चहा घेत बसलो. कौतुक ऐकायला!

दोन बाया थांबल्या.

"काय लिवलं हाय वं?"

"तेलुगू दिसते बाई. सिरोंच्याकडची कंपनी आली असंन."

"मंग आपल्याले का समजते! चाल."

गेल्या की हो! दुपारपर्यंत गावभर झालं, यंदा वडशात तेलुगू नाटक आहे म्हणून.

तेवढ्यात सिरोंच्याचा एक धानाचा व्यापारी मोठ्या हौसेनं बोर्डापुढे आला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. शेवटी मलाच विचारतो, "भाऊ, हे कोनं लिवलं? त्याले तेलुगू बिलकुल येत नाई!"

शामरावभाऊ सायकलवरून उतरले ते लालबुंद होऊनच.

"काऊन बे, माही कंपनी बुडवून राह्यला का? पुसून टाक हे, आन सीधं लिव!"

"अक्षर नाई बदलवत, भाऊ. लोकायले सवय नाई, बस. वाचाले लागतीन हळूहळू."

"आन तवरोक?"

"तवरोक मी वाचून दाखवतो!"

ताठा बघा माझा! पुढचे चार दिवस मी बोर्डाजवळ उभा. गाडी आली की सुरू, "या हो या! वैनगंगेची सून! मराठी नाटक, अस्सल मराठी!" घसा बसला, हळदीचं दूध प्यालो, पण हटलो नाही. आणि प्रयोगाला मंडप खचाखच भरला! मला आनंदानं रडूच आलं. अक्षर जिंकलं होतं ना माझं!

पुढच्या हंगामात शामरावभाऊ स्वतः घरी आले. मी धावत जाऊन वही आणली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"बोर्ड आरमोरीच्या पेंटरले देल्ला. तू फक्त भोंगा घेऊन रिक्षात बस. तुयासारखा आवाज अख्ख्या झाडीत नाई!"

बसलो. काय करता? त्यात नव्या नाटकाचं नाव इतकं लांबलचक, की निम्म्यातच विसरायचो. पण चौकात त्या आरमोरीवाल्याचा बोर्ड होता. सरळ, ठसठशीत, वर जाडजूड रेघ. धावत्या रिक्षातून नुसती नजर टाकायचो आणि अख्खं नाव बिनचूक ओरडायचो.