दुभाजकापर्यंत येणारे

पलीकडचे मालक कधी दुभाजक ओलांडत नसत. सावेडीत रस्त्याच्या एका बाजूला माझी छोटी इंटरनेट सेवा होती आणि बरोबर समोर त्यांची मोठी. काही बोलायचं असलं की ते दुभाजकापर्यंत येत आणि हाक मारत, “ताई, या की निम्म्यात!” मग निम्मा रस्ता मी चालायची. मागून ट्रक, पुढून रिक्षा, मध्ये आमची बैठक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या गिऱ्हाइकाने त्यांच्या गिऱ्हाइकाला मेल पाठवली की ती आधी मुंबईला जायची आणि तिथून परत सावेडीत यायची. मुंबईच्या लाइनचं भाडं दोघांनाही जड होतं आणि लाइन सदा तुंबलेली. समोरासमोर वायर जोडली की प्रश्न मिटत होता. पण खर्च कुणाचा?

“तुमची मानसं माझ्याकडून जास्त माहिती ओढतात. तुमी भरा.”

“गिऱ्हाइकं तुमची जास्त. तुम्ही भरा.”

यात पावसाळा गेला.

मग माझं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, एक साखर कारखाना, वैतागला. साखर घेणारे व्यापारी सगळे पलीकडच्यांकडे. सकाळचे भाव त्यांना दुपारी पोचायचे. मॅनेजर म्हणाले, “सोमवारपर्यंत जमवा, नाहीतर आम्हीही समोर जातो.” कारखाना गेला असता तर मला शटर ओढावं लागलं असतं. पलीकडच्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं.

रविवारी हाक आली. दुभाजकावर ते वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभे.

“या खांबापर्यंत वायर माझी. हितून पुढं तुमची.”

“आणि जास्त कोण ओढतं, त्याचं काय?”

“भाव मागनारा व्यापारी माझा, देनारा कारखाना तुमचा. दोघांकडनं आपन पैसे घेतोच की. पुन्हा एकमेकांकडनं कशाला?”

“कारखाना आयता मिळत होता तुम्हाला.”

“लई मिळाला! तुमी बंद केल्यावर मी हितं कुनाशी भांडू?”

संध्याकाळी पहिली मेल पोचली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात हलवला. बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले. वायरवरून आमचा पुन्हा वाद झाला नाही. बाकी सगळ्यावरून झाला.

पुढे त्यांनी धंदा विकला आणि मुलीकडे श्रीरामपूरला निघाले. त्या दिवशी हाक आली नाही. ते दुभाजकाशी न थांबता सरळ माझ्या दारात आले.

“आज इथवर?” मी विचारलं.

“आज धंद्याचं काय न्हाई, ताई. चहा टाका.”