फक्त डावा पाय

“पायाला बांध. हाताला शिवायचं नाही.”

पलंगावर आडव्या झालेल्या म्हाताऱ्या बाई माझ्याकडे न बघता बोलल्या. जामबागेतलं जुनं घराणं. सासरा, नवरा सरकारी हुद्द्यावर राहून गेलेले, मुलगा वकील. निजामाच्या राज्यात अशा घरांचा शब्द दवाखान्यातसुद्धा चालायचा. मी महाराची पोर. नर्सिंग शिकत होते. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

काळजाचे ठोके फिल्मवर उतरवणारं मशीन दवाखान्यात नवंच आलं होतं. दोन्ही हातांना आणि डाव्या पायाला ओलं फडकं गुंडाळायचं, वर धातूची पट्टी, पट्टीला तार. बायकांना बांधायला बाईमाणूस हवं. बाकीच्या मुली विजेला भ्यायच्या, म्हणून माझा नंबर लागला. डॉक्टरसाहेब मला नुसतं बांधायला नाही, वाचायलाही शिकवत होते. आधी छोटी लाट, मग उंच टोक, मग पसरट लाट. टोकांमधलं अंतर सारखं असलं की ठोका तालात. कमीजास्त झालं की थांब, नीट बघ. वेड लागलं होतं मला त्याचं. तांदूळ निवडतानाही डोळ्यांपुढे लाटा. दागिना नको, लुगडं नको, मला हे एवढं शिकायचं होतं.

मी डॉक्टरसाहेबांकडे बघितलं. वाटलं, काही बोलतील. बोलले.

“तसंच करू, आईसाहेब. पाय काय, घरी गेल्यावर धुता येतो.”

सगळे हसले. छान विनोद झाला.

हातांसाठी दुसरं भांडं आलं, दुसरं पाणी, दुसरी फडकी. बाईंची सून पुढे झाली. माझ्याच वयाची असेल. डॉक्टरसाहेबांनी कुठली तार उजवी, कुठली डावी ते तिला सांगितलं आणि ते मशीनकडे वळले. ती सासूकडे तोंड करून उभी. आपला उजवा तोच तिचा उजवा समजली. मी खाली मान घालून पाय बांधत होते.

फिल्म धुऊन आली. पहिल्या ओळीतल्या सगळ्या लाटा खाली डोकं वर पाय. डॉक्टरसाहेबांनी बघताक्षणी ओळखलं.

“काळीज डावीकडेच आहे, मी नळी लावून ऐकलंय. हातांच्या तारा उलट्या लागल्यात. लक्षात ठेव हे.”

ठेवलं.

पण बाईंना परत बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मोटार आली. बाई, सून, आणि या खेपेला वकीलसाहेब. आल्या आल्या त्यांचा आवाज चढला. “माझ्या आईला हेलपाटे घालायला लावता? गलती कुणाची?”

डॉक्टरसाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. माझ्याकडे बोट केलं.

“माफ करा, वकीलसाहेब. ही पोरगी नवी आहे. हिच्या हातून तारा उलट्या लागल्या.”

“मग असली माणसं ठेवता कायकू?”

म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “मला वाटलंच होतं.”

काय वाटलं होतं? काल आपल्या हातांना कोण शिवलं, ते विसरल्या? छे. सगळ्यांना माहीत होतं. सुनेला तर पुरतं माहीत होतं. ती फरशीकडे बघत होती. तिच्यावर माझा राग नव्हता, तिला घरी त्याच सासूपुढे दिवस काढायचे होते. माझा राग त्या बोटावर होता. त्याच बोटाने त्यांनी मला लाटा वाचायला शिकवल्या होत्या.

“माफी माग,” डॉक्टरसाहेब म्हणाले. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, “मशीनवर राहायचंय ना तुला?”

राहायचं होतं. जीव तुटत होता. एक शब्द म्हटला असता तर राहिलेही असते.

“नाही मागणार,” मी म्हणाले. “हातांना मी बांधलं नाही. मला बांधू दिलं नाही. मी फक्त डावा पाय बांधला. तो बरोबर आहे.”

वकीलसाहेबांनी आईकडे बघितलं, आईने भिंतीकडे. डॉक्टरसाहेब लाल झाले.

“बाहेर हो. या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून मी वॉर्डात, घाणीची भांडी उचलायला. मलकपेठेत घरी सांगितलं तर आई कपाळावर हात मारून म्हणाली, “हो म्हटली असतीस तर तुझी जीभ झिजली असती? नक्को गं असं करू. मोठी माणसं ती.”

मी आईला उलट बोलले नाही. तिने जन्मभर हो म्हटलंय. विहिरीला हात लावू दिला नाही, आणि पाणी बाटलं ते आमच्यामुळे. गावात राहू दिलं नाही, आणि गावात रोग आला तोही आमच्यामुळे. लांब ठेवायचं आणि वर ठपकाही द्यायचा. मला हे इतके दिवस दिसलं कसं नाही?

आता दिसलंय. जिथे मला हात लावू देत नाहीत, तिथली चूक मी माझ्या पदरात घेणार नाही. डॉक्टर म्हणो, वकील म्हणो, उद्या देव खाली येऊन म्हणो. ठोके वाचायला मी शिकणार आहे. या शहरात नाही तर दुसऱ्या शहरात. आणि ज्या दिवशी मशीनपुढे उभी राहीन, त्या दिवशी पलंगावर कुणाचीही आई असो, हातही मीच बांधीन. चालत नसेल तर त्यांनी आपलं काळीज तसंच घरी न्यावं.