मिस्किटोंचं होम टाउन

मिस्किटो लोकांचा नकाशा मी चुकवला तो बाबांमुळे, असं मी अजूनही म्हणते.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत मी दहावीत होते. भूगोलाच्या मॅडमनी नकाशात मुलूख रंगवायला जगातले एकेक आदिवासी समाज वाटून दिले, माझ्या वाट्याला मध्य अमेरिकेतले मिस्किटो आले. समुद्राकाठचे, स्वतःचा राजा असलेले, स्पेनला न जुमानणारे. मला ते फार आवडले. त्यांच्या मुलखात एक मोठी नदी आहे. दोन्ही काठांवर तेच लोक, तीच भाषा. पुढे आंतरराष्ट्रीय कोर्टाने नदीलाच दोन देशांची सीमा ठरवलं. एक काठ होंडुरासचा, दुसरा निकाराग्वाचा. बरेच जण घरदार सोडून निकाराग्वाच्या काठाला गेले. मी तेवढाच काठ रंगवला.

"और उस पार कौन रहता है?" मॅडमनी विचारलं.

"वही लोग, मॅम. पर होम टाउन तो एक ही होता है ना?"

वर्ग खिदळला. मला काही कळेना. आमच्याकडे प्रत्येकाचं एकच होम टाउन कारखान्याच्या ऑफिसात लिहिलेलं असे आणि दर दोन वर्षांनी तिथे जायचं भाडं मिळे. आमचं साताऱ्याकडचं गाव. आम्ही उतरायचो साताऱ्यात आत्याकडे; गावात देवीचं दर्शन घेऊन दुपारीच परत. आपलं घर बंद असतं, असं बाबा सांगायचे.

त्याच वर्षी बाबा रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं होतं. आई भोपाळमध्येच, अवधपुरीत घर बघू म्हणत होती, बाबा गावाचं नाव घेऊन बसले होते. मला भोपाळ सोडायचं नव्हतं, पण तसं म्हणणं म्हणजे बेइमानी वाटायची. घरात नुसता घोळ.

रविवारी सकाळी बाबा ऑफिसचा फॉर्म भरत होते: निवृत्तीनंतर कुठे राहणार? पेन तिथेच अडलेलं. मी धीर करून विचारलं, "बाबा, दोन गावं लिहिलेली चालतात का?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं.

"गावातलं घर काकांनी केव्हाच विकलं. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. आईला सांगू नकोस."

"मग इतकी वर्षं होम टाउन म्हणून ते कसं लिहीत होतात?"

"मग काय लिहायचं होतं?" बाबा म्हणाले. ते रागावून नव्हते विचारत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.