फाइल त्याची, ठाऊक सगळ्यांना

पंपाच्या कारखान्यात तो चौतीस वर्षं लेथ चालवत होता. नजरेनंच माप सांगायचा, "दोन सूत जास्त आहे," म्हणून त्याचं नाव दोनसूत पडलं. बासष्टाव्या वर्षी लघवीला त्रास होऊ लागला, कंबर धरू लागली. दवाखान्यात रक्त तपासलं, मग हाडांचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून बायकोला आणि मुलाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर मुलाने सांगितलं, प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय, गोळ्यांनी बरं होईल.

त्याने मान डोलावली. पण वर्षानुवर्षं अबोला धरलेली बहीण अचानक येऊन चार दिवस राहिली. मालकांनी आराम करा म्हणत त्याची लेथ दुसऱ्याला दिली. त्याला वाटलं, आपलं वय झालं.

मुलाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी कोणालाच बाहेर पाठवलं नाही. फाइल चाळून त्यांनी थेट त्यालाच विचारलं, "कॅन्सर हाडात पसरलाय असं इथे लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे ना?"

तो बायकोकडे बघत राहिला. ती पिशवीचा बंद पिळत होती.

बाईंना मात्र शंका होती. रक्तातला प्रोस्टेटचा आकडा थोडाच वाढला होता आणि खुब्याचं एकच हाड जाड, फुगलेलं दिसत होतं. ग्रंथीत आणि हाडात सुई घालून तुकडे काढले, तपासले. कॅन्सर कुठेच नव्हता. ग्रंथी नुसती वाढलेली, आणि हाडाचं दुखणं वेगळंच, जुनं, औषधाने आटोक्यात राहणारं.

मुलगा तिथेच रडला. घरी आल्यावर दोनसूतने चपला काढल्या. मग बायकोला विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"सात आठवडे. तुम्ही खचला असता."

"कारखान्यात?"

ती उठून भांडी आवरू लागली. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"माझं मरण तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलंत," तो म्हणाला. "मला तेवढं वगळलंत."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन त्याने लेथवरच्या माणसाला बाजूला व्हायला सांगितलं आणि काम सुरू केलं. मालक विचारपूस करायला आले. त्याने मशीन बंद केलं नाही. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झाला असता. इथे घरच्यांनीच केसाने गळा कापला होता, तोही मायेनं.

हल्ली तो तपासणीला एकटाच जातो. आल्यावर बायकोला समोर बसवून डॉक्टरबाईंचा शब्दन्‌शब्द ऐकवतो. मध्येच तिने काही विचारलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ती ऐकून घेते.