रोट कोणी उचलले

काही गोष्टी मी आजवर बायकोलाही सांगितलेल्या नाहीत. त्यातली ही एक. फार मोठी नाही, पण आठ वर्षं घशाशी अडकून आहे.

एका शेतकी कॉलेजमार्फत नेदरलँड्सचा एक मुलगा आमच्याकडे राहायला आला. वय बावीस, उंची अशी की दरवेळी चौकटीला डोकं आपटायचं. भडगावजवळच्या आमच्या गावात राहून तो मातीचे नमुने गोळा करणार होता. द्यायला घरात एकच धड खोली होती, ती माझी. बायको आईजवळ झोपू लागली, माझी खाट ओट्यावर गेली आणि मी तोंडाने "त्यात काय एवढं" म्हणालो. मनात काय म्हणालो ते लिहीत नाही.

आईला सगळा गाव आक्का म्हणतो, तोही म्हणू लागला. आईने त्याला पाहुणा मानलं आणि आमच्याकडे पाहुणा म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. तो ताट उचलायला गेला की आई ते हातातून काढून घेई. नळावर बादली नेली तर शेजारणी ती हिसकावून घेत आणि पाहुण्याला पाणी भरायला लावतात म्हणून आईचा उद्धार करत. शेवभाजीने डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना तो "नको, नको" म्हणे. पाहुणा लाजतोय असं धरून आई आणखी एक पळी वाढी. बाजारात गेला तर चौघांनी चहा पाजला आणि चौघांनीही त्याच्या बापाकडे बागायत किती, ते विचारलं. बाप दातांचा डॉक्टर आहे, शेत अजिबात नाही, हे कळल्यावर लोकांना फार वाईट वाटलं.

अहिराणी मात्र तो झपाट्याने शिकला. करायला दुसरं काही देतच नव्हतं कोणी.

पाचव्या महिन्यात तो मला म्हणाला, की सगळे फार प्रेमाने वागतात, पण त्याला अजून कोणी साधा पेलाही विसळू दिलेला नाही. मखरात बसवलेल्या गणपतीसारखं वाटतं. राखीनंतर पुण्याच्या होस्टेलवर जायचं त्याने ठरवलं होतं. जायची इच्छा नव्हती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी "अरेरे" म्हटलं आणि खाट कुठल्या भिंतीला लावायची, याचा विचार करू लागलो.

तेवढ्यात आमच्या खानदेशची देवी कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती आमच्याकडे बसते. घरातल्या दर पुरुषामागे ठरावीक मुठी गहू दळायचा आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या, त्यांना रोट म्हणतात. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला घासही द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. उरले तर जमिनीत पुरायचे. आमच्या घरचे रोट कधी पुरले गेले नाहीत, याचा आईला भारी अभिमान.

त्या वर्षी सुरतेचे दोन्ही चुलतभाऊ मुलांना घेऊन येणार म्हणून आईने सात जणांच्या मुठी धरल्या. रविवारी दुपारी त्यांचा फोन आला, सुटी मिळाली नाही. रोट तर झालेले आणि गावातल्या भाऊबंदांकडे त्यांचे त्यांचे होतेच. खाणारे आम्ही तिघं: मी, बायको आणि आई, त्यात आईला शुगर. पाहुण्यासाठी वेगळी खिचडी शिजली आणि त्याला ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसवलं. त्याने खिचडी अर्धी ठेवली.

सोमवारी मी दोन्ही वेळा रोट खाल्ले. मंगळवारीही. बुधवारी सकाळी डबा उघडला आणि नुसत्या वासाने झाकण परत लावलं. आई देवळात गेली होती. मी पाच रोट ताटात घेतले, गोठ्यामागे माती चाळत बसलेल्या त्या पोराकडे गेलो आणि म्हणालो, आक्काने तुझ्यासाठी पाठवलेत. त्याने ते दुधातुपाशिवाय, कोरडेच खाल्ले. मधेच डोळे पुसले. मला वाटलं, ठसका लागला.

आई परत आली तर हा दारातच उभा. "आक्का, रोट भलता गोड व्हतात."

आईने मला आत ओढलं आणि कोणी दिले, ते विचारलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, दिले कोणीच नाहीत, त्याने आपल्या हाताने उचलले.

आईने कपाळाला हात लावला आणि भाऊबंदांत वडीलधारे असलेल्या नानांना बोलावून घेतलं. नाना तंबाखू मळत ऐकत होते. आता पोराला घराबाहेर काढतात, असं मला वाटलं. तरी तोंड उघडलं नाही. नाना म्हणाले, "कोनी वाढं नाही तरी उचलीसन खादं ना त्यानी? मंग तो पाहुना कसा? घरनाच शे."

नाना बोलले म्हणजे झालं. दुपारी जेवण आटोपून तो सवयीने हात पुसत उठला, तशी आई खेकसली, "ताट कोन धुई, तुना बाप?"

मग त्याने ते ताट एवढं घासलं, की बायकोला दुसऱ्या दिवशी ते वेगळं ओळखू आलं. मग बादली, मग म्हशीचं शेण. उरलेले रोट त्याने पौर्णिमेआधी एकट्याने संपवले. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आईने त्याला दोनदा गाढव म्हटलं आणि त्याने पुण्याला नकार कळवला. माझी खाट आणखी पाच महिने ओट्यावर राहिली. शिक्षा म्हणून ती फारच कमी होती.

आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, गोऱ्याने आमचे रोट चोरले. आजवर त्याच्या माघारीच, हसत सांगत आलीय, पण चोरले असंच म्हणते. येत्या थंडीत तो बायकोला घेऊन येतोय. तिला आई आत्तापासूनच सून म्हणते. सुनेला पहिल्याच दिवशी नवऱ्याची चोरी ऐकवली जाणार, हे मला सहन होईना. गेल्या आठवड्यात त्याला फोन केला आणि सगळं कबूल केलं, नानांच्या निवाड्यासकट. आईलाही आजच सांगतो म्हणालो.

त्याने एवढंच विचारलं, की म्हणजे आक्काने ते पाठवलेच नव्हते? मी नाही म्हणालो.

"भाऊ, आक्काले सांगू नको," तो म्हणाला. "मी परत पाहुना व्हई जासू."