भुरी आणि तीन तलंगा

आज सकाळी आमची कोंबडी मेली.

हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्या. मग पुढे वाचा.

भुरी तिचं नाव. आईची कोंबडी. बाबा गेल्यावर आई बेला गावातलं घर बंद करून माझ्याकडे, आदिलाबादजवळ मावल्याला राहायला आली. सामान म्हणजे एक ट्रंक, आणि पिशवीतून माना बाहेर काढून बसलेल्या दोन कोंबड्या.

"आई, कॉलनीत कोंबड्या?"

"काऊन, कॉलनीत सकाय नाई होत का?"

त्यातली एक पुढे मुंगसानं नेली. भुरी एकटी उरली.

दिवसभर कुंपणाच्या भिंतीपाशी उभी राहून ओरडायची. दाणे टाकले तर दोन टिपायची आणि पुन्हा तिथेच.

आईला ते बघवेना. "एकटा जीव कसा राहीन वं."

रविवारी आम्ही आदिलाबादच्या बाजारातून तीन तलंगा आणल्या. अजून अंड्यावर न आलेल्या, पोरसवदा कोंबड्या. विकणारा म्हणाला, "अस्सल नाटुकोडी, अम्मा." म्हणजे तेलुगूत गावठी.

आता आमच्याकडची रीत सांगते. घरात नवीन जनावर आलं, बैल असो की गाय, दारातच त्याच्या कपाळाला कुंकू लागतं.

आईनं तिघींच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. पाणी ओवाळून टाकलं. आणि त्यांना भुरीसमोर सोडलं.

"पाह्य वं भुरे, तुह्या पोरी आल्या."

भुरीला पोरी दिसल्या नाहीत. तीन लाल ठिपके दिसले.

तिनं नेमके तेच टोचले. सगळ्यात लहान होती तिच्या डोक्याची कातडीच निघाली.

शेजारच्या शोभाताई भिंतीवरून म्हणाल्या, "मावशी, लाल दिसलं का कोंबडी टोचतेच. तुमी तर तिले निशाण लावून देल्लं."

आई खाली बसून पदरानं पुसत राहिली. कुंकू कुठलं, रक्त कुठलं, कळत नव्हतं.

मग जुनी पद्धत धरली. तिघी अंगणात डाल्याखाली, भुरी बाहेर मोकळी. टोपलीच्या फटीतून एकमेकींना बघू दे, ऐकू दे.

भुरी डाल्याभोवती फिरायची, त्यावर चोच आपटायची. हळूहळू आपटणं कमी झालं. एका दुपारी ती डाल्यालाच टेकून अंगावर माती उडवत आरामात पडली.

आईनं डालं उचललं. कुणी कुणाला मारलं नाही.

तो पावसाळा चांगला गेला. आधी भुरी खायची, मग त्या. कुणी मध्ये घुसली तर एक टोचा, विषय संपला. खुराड्यात वरच्या दांडीवर भुरी, खालच्या दांडीवर तिघी.

"आता कसं घर वाटून राह्यलं," आई म्हणायची.

मग तलंगा अंड्यावर आल्या.

भुरीची अंडी केव्हाच थांबली होती. आता पिसं झडली, चाल मंदावली.

पहिला टोचा कुणी मारला ते आम्ही पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा भुरी पायरीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभी होती आणि तिघी तिच्या पाठीवर होत्या.

वरच्या दांडीवर आता दुसरीच कुणी बसायची.

भुरीला वेगळं ठेवलं, तर ती ओरडायची आणि दाण्याला तोंड लावायची नाही. त्यांच्यात सोडलं, तर त्या तिला दाण्यापर्यंत पोचू द्यायच्या नाहीत.

मध्ये जाळी लावली. जखमेला हळद लावली. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते चांगल्या शब्दांत म्हणाले, "मॅडम, वय झालंय तिचं."

मी पेपरच्या डेस्कवर काम करते. पानात जे बसत नाही ते कापून, हलवून वेळेत बसवायचं, हेच इतकी वर्षं केलं. हिला कुठेच बसवता येईना.

चंद्रपूरहून भावाचा फोन आला. "माय, रस्सा कर अन् मोकयी हो."

"ये तू. तुहाच करतो," आई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

मी म्हटलं, तिघींना कुणाला तरी देऊन टाकू.

"अन् मंग? थे पुन्हा एकटीच ना?"

मग जाळीपलीकडच्या तिघींकडे बघत म्हणाली, "त्यायचं तरी काय चुकलं वं. आपुनच आणलं त्यायले."

 

शेवटी शेवटी भुरी आईच्या मांडीवरच असायची. आईच्या बोटावरचं पाणी प्यायची. तिघी अंगणात दिसल्या की मान उंच करून बघायची, त्यांच्याकडे जायला धडपडायची. आई धरून ठेवायची. मग सोडायची. मग टोचे खाल्ले की पुन्हा उचलून आणायची.

आज सकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले. आई पायरीवर बसलेली. भुरी मांडीवर, तिची मान आईच्या मनगटावरून खाली आलेली.

"कधी?"

"आत्ताच."

तिघी आईच्या पायाशी आल्या होत्या. त्यांना भूक लागली होती. एक तर आईच्या पायाच्या बोटांवर चोच मारत होती.

आईनं उजवा हात भुरीवरून काढला. शेजारच्या परातीतली ज्वारीची कणी घेतली आणि त्यांच्यापुढे टाकली. मग आणखी एक मूठ.

डावा हात भुरीच्या पाठीवर होता. तो तिनं हलवला नाही.

तिघींचं खाऊन होईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.

भुरे, आमच्यानं एवढंच झालं. सुखानं जा.