सतरंजीवरचे फुटके डबे
सतरंजी झटकताना नाकात धूळ गेली की नगरच्या आमच्या वस्तीतली ती बैठक आठवते. महापालिकेने मला वस्तीची ताई म्हणून नेमलं होतं. साहेबांपुढे बायकांना बोलतं करायचं, हे माझं काम. विषय पाण्याचा होता. साहेब यायच्या आधीच टँकर आला आणि बायका उठल्या. जाताना एका म्हातारीने दारातला फुटका डबा आणून सतरंजीवर ठेवला. म्हणाली, "टँकरला डबा ठिवला की नंबर लागतो, हितं बी लाव. आमी येतोच." मग बाकीच्यांनीही डबे ठेवले. साहेब आले. फोटोआधी त्यांनी ते डबे उचलायला लावले आणि मला एकटीला मध्ये बसवलं. बैठकीपायी माझा टँकर चुकला, माझ्या घरी त्या दिवशी पाणी नव्हतं. सतरंजी अजून मीच झटकते, आणि विषय अजून पाण्याचाच असतो.